ई-वाहनांचा अंदाज गल्लीपासून बांधा



पुण्यातील ई-वाहनांवरचे गेल्या अंकातले पत्र वाचले. पत्रलेखकाने मागच्या काही वर्षांचा वाढीचा दर तसाच पुढे ओढला आणि येणारा आकडा लोकसंख्येनुसार प्रभागांत वाटून टाकला. दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. जून २०२३ मध्ये केंद्राने ई-दुचाकींवरील 'फेम-२' अनुदानाची मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली, तर त्याच महिन्यात त्यांची देशातली विक्री मे महिन्याच्या निम्म्याखाली आली. अशा वाढीला सरळ रेषा कशी लावणार?

वाटणी तर त्याहून किचकट. आरटीओच्या नोंदीवरून गाडी एमएच-१२ची, म्हणजे पुण्याची, एवढे कळते. गाडी रात्री कुठे उभी असते, ते नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने वायर कुठून सोडायची? बाणेर-खराडीच्या सोसायट्यांत निदान हक्काचे पार्किंग असते (सोसायटीची परवानगी हे वेगळेच पुराण!). म्हणजे गाड्या ठरावीक गल्ल्यांत एकवटणार आणि संध्याकाळी सगळ्या एकदम चार्जिंगला लावल्या की ताण त्या गल्लीच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, येणार. प्रभागाच्या सरासरीत तो दिसत नाही. महावितरणकडची रोहित्रांची क्षमता आणि महापालिकेकडचे पार्किंगचे मंजूर नकाशे आधी एकत्र मांडावेत. चार्जिंग केंद्रांच्या जागा त्यानंतर ठरवता येतील.

— एक वाचक, कोथरूड, पुणे