मानेत दबलेली नस

डोक्यावर घमेली वाहणाऱ्या, शिलाई मशीनवर वाकणाऱ्या आणि अलीकडे मोबाईलमध्ये मान घालून बसणाऱ्या आपल्या माणसांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : ‘मान दुखते, हाताला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे.’ हा ‘गॅप’ शब्द ऐकूनच माणूस निम्मा खचतो. तसे खचण्याचे कारण नाही. पन्नाशीनंतर एक्स-रेमध्ये झीज दिसते ती मान कधीच न दुखलेल्या माणसांतही.

मानेच्या सात मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात व बाजूच्या फटींतून हाताकडे जाणाऱ्या नसा निघतात. गादी सरकली किंवा वयोमानाने हाड वाढले की नस दबते. म्हणून दुखणे मानेत, पण कळ हातात. सहावी नस दबली तर बधिरपणा अंगठ्याकडे, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी दबली तर करंगळीकडे. (मणके सात आणि नस आठवी कशी? पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, म्हणून एक जास्त.)

बहुतेकांचे दुखणे काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. शेक, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या व फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम पुरतात. पट्टा थोडे दिवसच बांधावा; महिनोन्महिने बांधल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या मनाने दुकानातून आणून खाऊ नयेत. जठर व मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

आणि दाढीच्या दुकानात मान कडकन मोडून घेण्याची हौस आमच्या बांधवांनी सोडावी. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत दडपण व घाम असेल तर मान विसरा, आधी हृदय तपासा. गुंडी लावता येईना, वस्तू हातातून निसटू लागल्या, चालताना पाय अडखळू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूच दाबला जात असावा. अशा वेळी एमआरआय व बहुधा शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर गेलेली ताकद पुरती परतत नाही, म्हणून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तिथे नुसते ‘मान दुखते’ म्हणू नये. ‘हातातली ताकद गेली आहे’ हे आधी सांगावे व केसपेपरवर लिहून घ्यावे.