अपंग नर्तकाचे शरीर आणि अनुवादाचा प्रश्न

अपंग नर्तकाच्या प्रयोगाविषयी लिहिताना आपली समीक्षा बहुधा दोनच शब्दांपाशी घुटमळते : जिद्द आणि चमत्कार. हे शब्द व्यक्तीचा गौरव करतात. नृत्याविषयी काहीच सांगत नाहीत.

सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातानंतर उजवा पाय गमावला आणि १९८४ मध्ये जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम् सादर करू लागल्या. त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु रसिकांनी दाद दिली ती मुख्यतः कृत्रिम पाय जाणवला नाही याला. व्याकरण अबाधित राहिले. जुळवून घेतले ते शरीराने.

याहून वेगळी वाट इंग्लंडमध्ये दिसते. सेलेस्ट डँडेकर १९७३ मध्ये रंगमंचावरच जायबंदी झाल्या. पंजाबात जन्मलेले नृत्यरचनाकार दर्शनसिंग भुल्लर यांनी एका लघुपटाच्या निमित्ताने त्यांना पुन्हा नृत्याकडे आणले. पुढे १९९१ मध्ये अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह त्यांनी अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची ‘कॅनडोको’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने २०११ मध्ये अमेरिकन रचनाकार ट्रिशा ब्राउन यांची १९८३ ची ‘सेट अँड रीसेट’ ही कृती नव्याने उभी केली. मूळ हालचाली व रचनासूत्रे घेऊन नर्तकांनी आपापल्या शरीरांतून नवी संहिता घडविली. ही नक्कल नव्हे, अनुवाद होय. अनुवादाची भाषा मूळ भाषेची सदोष आवृत्ती असते, असे आपण कधी मानत नाही. मग शरीराच्या बाबतीतच तसे का मानावे?

ब्राउन यांची कृती मुळातच लवचीक आहे, अरैमंडीवर उभ्या असलेल्या शास्त्रीय शैलीला हे कसे साधेल, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे; पण निर्णायक नाही. बैठकीच्या लावणीत कलावती बसूनच अदा करते आणि तिथे काही उणे आहे असे जाणकारांना वाटत नाही. म्हणजे स्थिर देहाचे सौंदर्यशास्त्र आपल्या परंपरेला अपरिचित नाही. त्याचा विस्तार करण्याचे धैर्य तेवढे हवे.

म्हणून दोन संस्कृतींच्या सहयोगाची कसोटी एकच असावी : अपंग नर्तकाच्या सहभागाने रचना बदलली काय? ती बदलली नसेल, तर तो नर्तक सहनिर्माता नव्हे, केवळ विषय ठरतो. आणि समीक्षकाची सहानुभूती हा त्या अन्यायावरचा उतारा होऊ शकत नाही.