रायफलीची किंमत आणि नियम ३

"वकीलसाहेब, स्वसंरक्षणासाठी महागडी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यावी काय?" धाडचे तरुण विचारतात. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आठवले की या प्रश्नाला हसता येत नाही. परंतु बांधवांनो, प्रतिबंधित शस्त्राला केंद्राची खास परवानगी लागते. आणि एका घरातली रायफल अख्खी वस्ती राखत नाही. ॲट्रॉसिटी नियम, १९९५ मधील नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे, गरज भासल्यास आपल्याला परवाने देणे ही शासनाची जबाबदारी आहे. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. बुलढाण्यात ती झाली काय, माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात. आधी ते खर्च करा! जयभीम.