खोडव्यात वाटा कोणाचा?

३१ मे २०२४ रोजी ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान’ नावाचा चित्रपट देशात प्रदर्शित झाला. त्यात हाडामांसाची माणसे होती, अनुपम खेर यांच्यासारखे नामवंत नट होते. परंतु हीच गोष्ट, याच नावाने, २०१२ साली कार्टूनपट म्हणून मुलांनी पाहिलेली होती. दोन्ही चित्रपट हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या कंपनीचे आणि दोन्हींचे दिग्दर्शक राजीव चिलका. कंपनीने आपल्याच मालाचा पुन्हा वापर केला. कायद्याने तो तिचा हक्क आहे आणि आम्ही तिच्यावर कसलाही आरोप करीत नाही. आमचे भांडण कायद्याशी आहे. ढोलकपूरचे ते जग ज्या चित्रकारांनी एकेक चौकट करून उभे केले, त्यांचे या दुसऱ्या चित्रपटावर काही देणे लागते की नाही? कायदा म्हणतो, लागत नाही. आम्ही म्हणतो, लागते.

धर्माबादेत बसून कार्टूनच्या गोष्टी कसल्या करता, असे कोणी विचारील. त्यांना आमचे उत्तर असे की, हैदराबाद आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर आहे आणि आपल्या वस्त्यांतली हात चांगला असलेली पोरे आता नुसती जयंतीची कमान आणि भिंतीवरचे अशोकचक्र रंगवून थांबत नाहीत. कोणी डिप्लोमा करतो, कोणी संगणकाचा क्लास लावतो आणि तिकडच्या स्टुडिओत लागतो. नेमणुकीचा कागद इंग्रजीत असतो. बाप तो कागद घडी घालून आमच्याकडे आणतो आणि विचारतो, “वकीलसाहेब, पगार बरा आहे का?” पगाराचा आकडा पहिल्या पानावर असतो. खरा मजकूर सातव्या-आठव्या पानावर असतो: तू काढलेली प्रत्येक रेघ, जगभर, सर्व काळासाठी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत कंपनीची. जो पगारावर नाही त्याला सेकंदाच्या हिशोबाने पैसे मिळतात. मिरचीची देठे खुडणाऱ्या बाईला किलोवर, याला पडद्यावरच्या सेकंदावर. पुढे त्या चित्राचे दहा चित्रपट झाले तरी याचा हिशोब त्या सेकंदातच मिटलेला असतो.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेच्या डिस्ने कंपनीने गेल्या काही वर्षांत आपले जुने कार्टूनपट माणसे घेऊन किंवा संगणकाच्या नव्या तंत्राने पुन्हा काढण्याचा सपाटाच लावला. १९९२ चा ‘अलादीन’ २०१९ मध्ये पुन्हा आला. त्याची पहिली झलक दाखवली गेली तेव्हा मूळ चित्रपटाचे एक लेखक टेरी रॉसिओ यांनी उघडपणे तक्रार केली की, झलकेत ऐकू येणारे शब्द मी आणि माझ्या जोडीदाराने लिहिलेले आहेत आणि आम्हाला त्यापोटी काहीही मिळत नाही. लेखकाची ही गत, तर चित्रे काढणाऱ्याला कोण विचारतो? १९९४ चा ‘द लायन किंग’ ८८ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सव्वा लाखाहून अधिक चौकटी होतात. २०१९ मध्ये त्याचा नवा अवतार आला आणि त्याने जगभरातून दीड अब्जाहून अधिक डॉलर गोळा केले. तिथल्या अॅनिमेटरांची संघटना जुनी आहे, १९४१ साली त्यांनी डिस्नेच्या दारात संप केलेला आहे. तरीही त्यांच्या करारात पुनर्वापराचा पैसा माणसाच्या हातात येत नाही, तो निवृत्तिवेतन आणि आरोग्याच्या सामाईक निधीत जातो. आपल्याकडे तर असा निधीही नाही.

आपल्या नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला ही गोष्ट उसाच्या भाषेत लगेच कळेल. लागवडीचा ऊस तोडला की बुडखे जमिनीत राहतात, त्यांना फुटवे येतात आणि दुसरे पीक उभे राहते. त्याला आपण खोडवा म्हणतो. पाणी लागते, खत लागते, तोडणीचा खर्च लागतो, हे खरे. पण बेणे नाही, लागवड नाही. रिमेक म्हणजे खोडवा. निर्माता नवे पैसे घालतो म्हणून त्याचा वाटा मोठा असावा, याला आमची हरकत नाही. परंतु बुडखा कोणी लावला, हे विसरून सगळी मोळी एकट्याच्या गाडीत घालणे हा न्याय नव्हे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटीच्या खटल्यात दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात जागा नाही याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. संसदेला लक्ष घालायला पस्तीस वर्षे लागली. जावेद अख्तर राज्यसभेत गेले, त्यांनी हा विषय लावून धरला आणि २०१२ मध्ये कॉपीराईट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १८ आणि १९ मध्ये परंतुके घातली गेली. चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीचा किंवा संगीतकृतीचा कर्ता चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीचा रॉयल्टीचा निम्मा हक्क विकू शकत नाही, सोडूनही देऊ शकत नाही. कागदावर सही घेतली तरी ती सही चालत नाही. हा हक्क फक्त वारसाला किंवा वसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. फार मोठी गोष्ट झाली ती.

पण परंतुकातले शब्द नीट वाचा. ‘साहित्यकृती किंवा संगीतकृती.’ चित्रकृती नाही! गंमत अशी की, त्याच दुरुस्तीने कलम १७ मध्ये घातलेल्या परंतुकात चित्रकाराची आठवण ठेवलेली आहे. चित्रपटात सामावलेल्या मूळ कृतीवरचा कर्त्याचा हक्क नोकरीच्या कलमामुळे बाधित होणार नाही, असे तिथे म्हटले आहे आणि मूळ कृतींत चित्रकृतीही येते. म्हणजे एका दाराने चित्रकाराला मालक म्हणून आत घेतले आणि दुसऱ्या दारावर त्याला हक्क विकू नकोस असे सांगणारा पहारेकरीच ठेवला नाही. मग सातव्या पानावरची ती सही त्याचे सगळे घेऊन जाते. कवीची सही कायद्याने निष्प्रभ, चित्रकाराची सही मात्र दगडावरची रेघ. हा भेद कोणत्या तत्त्वावर केला? आम्हाला तर एकच कारण दिसते. गीतकार आणि संगीतकार नावाने ओळखले जातात, त्यांचा माणूस संसदेत होता. अॅनिमेटर हा शेवटच्या श्रेयनामावलीत, लोक चपला शोधत उठतात तेव्हा सरकणाऱ्या बारीक अक्षरांतला माणूस आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत दृकश्राव्य निर्मितीच्या व्याख्येत अॅनिमेशनचे नाव आले आहे, लेखी कराराची अट आहे. ठीक आहे. परंतु पुनर्वापराच्या वाट्याबद्दल तीत काही नाही.

आमच्या या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पगार घेतला ना, मग आता कसला वाटा? सालगडी पाडव्याला साल ठरवतो, पुढे पीक दुप्पट आले म्हणून तो वाटा मागतो काय? आम्ही विचारतो, का मागू नये? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा आक्षेप नेमका हाच होता. काम अमर्याद, वेळेला बंधन नाही, मोबदला मात्र क्षुल्लक. कधीकाळी पूर्वजांना दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात आणि बलुत्याच्या भाकरीत पुढच्या पिढ्यांचे राबणे फिटले असे व्यवस्थेने मानले होते. एकदाच काहीतरी देऊन कायमचे घेत राहण्याची ती रीत कायद्याने गेली, पण तिचा हिशोब कराराच्या भाषेत शिल्लक राहिला. आणि सालगड्याची उपमा इथे पुरतीही लागू पडत नाही. सालगड्याची मेहनत त्या हंगामाच्या पिकात संपते. चित्र संपत नाही. चित्रपटाचा कॉपीराईट प्रदर्शनापासून ६० वर्षे मालकाला पीक देत राहतो. मालकाचा हक्क साठ वर्षांचा आणि ज्याच्या हातातून ते निघाले त्याचा पगारपत्रक फाटेपर्यंतचा.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. एका कार्टूनपटावर शेकडो हात राबतात, वाटणी कशी करणार? यावर आम्ही एवढेच म्हणतो की, गीतांच्या बाबतीत अशी संस्था वर्षानुवर्षे वसुली आणि वाटप करते आहे, मग चित्रांच्या बाबतीत ते अशक्य कसे? पात्राचे मूळ रूप घडवणारा, मुख्य अॅनिमेटर आणि बाकीचे अशा पायऱ्या ठरवता येतात. प्रत्येकाला रुपया मोजून देणे शक्य नसेल तिथे निधी करा. जर्मनीने २००२ मध्ये कायदा सुधारून असे केले की, कृतीने अपेक्षेबाहेर पैसा मिळवला आणि कर्त्याला दिलेला मोबदला त्या मानाने फारच तोकडा ठरला, तर कर्ता जादा वाटा मागू शकतो. १९८१ च्या ‘दास बोट’ या गाजलेल्या चित्रपटाचे कॅमेरामन योस्ट वाकानो यांनी या कायद्याच्या बळावर वर्षानुवर्षे खटला लढवला आणि २०१७ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना चार लाखांहून अधिक युरो देवविले. लेखक नव्हे, संगीतकार नव्हे, कॅमेरामन! त्यामुळे जर्मनीचा सिनेमा बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

‘द लायन किंग’मधलीच आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी. त्यात वापरलेल्या एका गाण्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांच्या ‘म्बुबे’ या १९३९ च्या ध्वनिमुद्रणात आहे. त्या गाण्याचा हक्क त्यांनी दहा शिलिंगांना दिला. १९६२ मध्ये ते दारिद्र्यात वारले. गाणे जगभर फिरले, कार्टूनपटात आले, अमाप पैसा झाला, पण लिंडांच्या मुली सोवेटोत गरिबीतच राहिल्या. मग वकिलांनी १९११ च्या जुन्या ब्रिटिश कायद्यातली एक तरतूद शोधून काढली. कर्त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परततो, अशी ती तरतूद. तिच्या आधारे २००४ मध्ये दावा झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन कुटुंबाला पैसे मिळाले. काळ्या माणसाची कला दहा शिलिंगांत कायमची जात नाही, हे शेवटी एका विसरलेल्या कलमाने सिद्ध केले. म्हणून आम्ही तरुण वकील मित्रांना सांगतो की, कायदा वाचा, परंतुकासकट वाचा.

आपल्या मराठवाड्यात अजिंठा आहे. १६ क्रमांकाचे लेणे वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने दान दिले हे शिलालेखात कोरलेले आहे, २६ क्रमांकाच्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचे नाव आहे. पण १७ क्रमांकाच्या भिंतीवर वेस्संतर जातक ज्याने रंगवले त्याचे नाव कुठे आहे? मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने आपला सुरुवातीचा चित्रपट काढला तोही जातकातल्याच निग्रोध मृगाच्या कथेवर, १९५७ च्या सुमारास. राम मोहन यांच्यासारखे अॅनिमेटर त्याच विभागात तयार झाले, त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याबरोबर रेघा ओढणाऱ्या बाकीच्यांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

आणि दुसऱ्याला शिकवताना आपले घरही झाडावे लागेल. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणाऱ्या कितीतरी भीमगीतांचा मूळ शाहीर कोण, हे वाजवणाऱ्याला माहीत नसते आणि नव्या चालीत गाऊन विकणारा त्याचे नाव छापत नाही. कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकल्यानंतरही कर्त्याचे नाव त्याच्या कृतीपासून तोडता येत नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाची सरकारने आबाळ केली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाखाली ते शिल्प त्यांना परत देवविले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. शाहिराच्या घरी पाच रुपये पाठवायलाही आपण विसरतो.

आमची मागणी म्हणून स्पष्ट आहे. कलम १८ आणि १९ च्या परंतुकांत ‘साहित्यकृती किंवा संगीतकृती’ या शब्दांबरोबर ‘चित्रकृती’ हा शब्द घालावा. कार्टूनपटाचा रिमेक झाला, खेळणी निघाली, कपड्यांवर चित्र छापले, तर मूळ चित्रकारांसाठी ठरलेला हिस्सा नोंदणीकृत संस्थेत जमा व्हावा आणि श्रेयनामावलीत मूळ चित्रपटाच्या अॅनिमेटरांची नावे वाचता येतील अशा अक्षरांत यावीत. आपले खासदार संसदेत जातात, त्यांच्याकडे हे लेखी द्यायला हवे. तोवर ज्यांची मुले हैदराबाद-पुण्याच्या स्टुडिओत लागत आहेत त्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. नोकरीत नसून सुटे काम करणाऱ्याने तर मुदत आणि प्रदेश लिहून घेतल्याशिवाय सहीच करू नये, कारण करारात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो.