गुरु डोंगरांत, शिष्य कचेरींत

देवळाली प्रवरेच्या उंसाला जें पाणी मिळतें तें अकोल्याच्या डोंगरांतून येतें. रतनगडाच्या कुशींत प्रवरा उगम पावते, भंडारदऱ्याला १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या धरणांत अडते व कालव्यानें आपल्या शिवारांत उतरते. त्या पाण्यावर गूळ झाला, साखर झाली, माड्या चढल्या. पण ज्या महादेव कोळी व ठाकर लोकांच्या डोंगरांतून तें येतें त्यांच्याजवळ शिकण्यासारखें कांहीं आहे, हें आपल्याकडे कोणाच्या फारसें मनांत येत नाहीं. तिकडे बदली झाली कीं नोकरदार तिला शिक्षा समजतो, आणि पहिल्या दिवसापासून उपदेश करूं लागतो.

त्याच अकोले तालुक्यांत कोंभाळणे गांवीं राहीबाई सोमा पोपेरे आहेत. जातीनें महादेव कोळी. शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. त्यांनीं घरांत गांवठी बियाण्यांची पेढी उभी केली. वाल, घेवडे, भात, नाना भाज्या. बीं न्यावें, पेरावें, पीक आल्यावर दुप्पट आणून द्यावें, हा त्यांचा व्यवहार. (दुपटीनें सावकारही घेत असे, पण येथें वाढतें तें बीं, कर्ज नव्हे.) बायफ संस्थेनें ही विद्या ओळखून हात दिला, २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, आणि आज शेतकीचे पदवीधर त्यांच्याकडे शिकावयास जातात.

छान झालें. पण शालनारळ देऊन, फोटो काढून मंडळी परततात आणि कचेरींतला कारभार जसाचा तसा! आमचें मागणें निराळें आहे. आदिवासी भागांत नेमलेल्या मास्तरानें, नर्सनें, तलाठ्यानें, वनरक्षकानें रुजू होतांच कांहीं दिवस तेथल्या बायांपुढें विद्यार्थी म्हणून बसावें. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस आर्न्हेम लँड म्हणून मुलूख आहे. तेथील मूळच्या योलंगू लोकांच्या बायका नोकरदारांना आपली नातीं व रीतिभाती समजावून देतात. तेथें होतें, मग येथें कां होऊं नये?

कोणी म्हणेल, अडाणी बाई साहेबाला काय शिकवणार? पोर घरची बोली बोललें कीं मास्तर हंसतो. पोर मागच्या बांकावर जातें व तेथून गुरांमागें. ती बोली मास्तराला त्या पोराच्या आईनेंच शिकवावयास हवी. श्रावणांत घरांत कोणती रानभाजी असते हें ठाऊक असलेली नर्सच बाळंतिणीला मानवेल असा सल्ला देईल.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं नांगर धरण्याची लाज न वाटणारा, रयतेंत मिसळणारा शिक्षक मागितला होता. राहुरीच्या कृषि विद्यापीठाला त्यांचेंच नांव आहे. त्या विद्यापीठानें व देवळालीच्या नगरपरिषदेनें आरंभ करावा. मात्र बोलावलेल्या बाईला व्याख्यात्याइतकेंच मानधन द्यावें, येण्याजाण्याचें भाडें द्यावें. कारण एक दिवस खालीं आली कीं तिची त्या दिवसाची मजुरी बुडते.