मेजरांच्या नोंदवह्या

माजी सैनिकाच्या निधनानंतर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याची भाषा जवळजवळ ठरून गेलेली आहे. 'देशसेवा', 'शिस्त', 'निर्व्यसनी', 'मनमिळाऊ' अशा चार-पाच शब्दांवर शोकसभा पार पडते आणि चौकातल्या फलकावर पुन्हा तेच शब्द येतात. ते खोटे असतात असे नाही, पण ते कोणालाही लागू पडतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका वृद्ध गॅरेजवाल्याचे निधन झाले, तेव्हाही याहून वेगळे काही घडले नाही. सारे गाव त्यांना 'मेजर' म्हणत असे. हुद्द्याने ते नाईक होते. फौजेतून आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणायची आमच्या भागात रीत आहे. तिच्यात आदर असतो आणि थोडा आळसही, कारण एकदा मेजर म्हटले की तो माणूस सैन्यात नेमके काय करीत होता हे विचारण्याची गरज उरत नाही.

मेजर सैन्याच्या 'ईएमई' या दलात वाहन-मेकॅनिक होते. 1943 साली स्थापन झालेल्या या दलाचे काम दुरुस्तीचे, आणि बोधवाक्य 'कर्म ही धर्म'. बिघडलेला, चिखलात रुतलेला रणगाडा ओढून मागे आणायचा, जमेल तर जागीच दुरुस्त करायचा आणि पुन्हा तुकडीच्या हवाली करायचा. 1965 मधली असल उत्तरची लढाई आपल्याला पॅटन रणगाड्यांच्या पाडावामुळे आठवते, 1971 मधली बसंतरची लढाई अरुण खेत्रपाल यांच्या हौतात्म्यामुळे. ते योग्यच आहे. पण या लढायांत आपल्या बाजूने उतरलेले सेंच्युरियन रणगाडे बारा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनावर चालत, आणि ती इंजिने चालती ठेवणारी माणसे रेजिमेंटच्या मागोमाग जात असत, हे युद्धकथेत सहसा येत नाही. मेजर 1971 मध्ये पश्चिम सीमेवरच्या एका वर्कशॉपमध्ये होते. युद्धाविषयी विचारले की ते जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या शक्तिमान ट्रकच्या गिअरबॉक्सविषयी बोलू लागत. ऐकणाऱ्याची निराशा होई. त्याला गोळीबार हवा असे.

ही निराशा वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाची आहे, असे मला वाटते. मराठीत सामान्य माणसाविषयी लिहिण्याचे दोन साचे तयार आहेत. एक गौरवलेखाचा, त्याला शौर्य किंवा त्याग लागतो. दुसरा व्यक्तिचित्राचा. 'माणदेशी माणसं' (1949) या पुस्तकाने तो समर्थपणे रुजवला, आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ने घरोघरी नेला. पुढे मात्र अनुकरण करणाऱ्यांच्या हाती या प्रकाराला विक्षिप्तपणाची चटक लागली. माणूस काहीतरी चमत्कारिक बोलला पाहिजे, त्याची एखादी लकब पाहिजे, शेवटी डोळ्यांत पाणी पाहिजे. मेजरांकडे शौर्यपदक नव्हते आणि लकबही नव्हती. त्यांच्याकडे कौशल्य होते, आणि कौशल्याचे वर्णन कसे करावे हे आपल्या गद्याला अजून फारसे साधलेले नाही.

एक उदाहरण देतो. जुनी बुलेट सुरू करणे हा ताकदीचा खेळ आहे असा तरुणांचा समज असतो. मेजर आधी किक हलकेच दाबत आणि अँपिअरच्या मीटरकडे पाहत. काटा मध्यावर आला की पिस्टन कुठवर चढला आहे हे त्यांना कळे. मग डाव्या हाताने डिकम्प्रेसरचा खटका ओढून दाब सोडायचा, किक किंचित पुढे न्यायची, खटका सोडायचा, आणि मग एकच किक. सत्तरीच्या माणसाला हे जमे आणि विशीतल्या पैलवानाचा पाय उलटा फटका खाऊन सुजे. हे सारे मी चार-पाच वाक्यांत सांगितले खरे, पण इंजिनाला पाना टेकवून त्याचे दुसरे टोक कानाशी धरल्यावर त्यांना काय ऐकू येत होते, ते मला सांगता येणार नाही. ते त्यांच्याच शब्दांत नोंदले जायला हवे होते.

काही अंशी ते नोंदले गेलेही आहे. सैन्यात प्रत्येक गाडीची नोंदवही असते. ती सवय मेजरांनी एसटी स्टँडाजवळच्या गाळ्यातही सोडली नाही. शाळेच्या दोनशेपानी वह्यांत ते गाडीचा क्रमांक, तारीख, केलेले काम आणि न केलेले कामही लिहीत. 'पुढची ब्रेक केबल बदलली. मागचा टायर झिजला आहे, मालकाला सांगितले.' हे 'मालकाला सांगितले' पानोपानी येते. कुठे 'सांगितले, ऐकत नाही' असेही येते. राजदूत, येझदी, लुना, विहिरीवरची डिझेल इंजिने, ट्रॅक्टर असा सुमारे तीस वर्षांतला तालुक्याचा यांत्रिक इतिहास त्या वह्यांत आहे. कोणत्या सालापर्यंत लोक इंजिन उघडून बसवून घेत आणि कधीपासून जुना भाग फेकून नवा घालू लागले, हे तारखेनिशी दिसते. त्यांतल्या तीनच वह्या आता शिल्लक आहेत. बाकीच्या गाळा रिकामा करताना रद्दीत गेल्या.

'हे तुमच्या विभागाचे काम नव्हे, इतिहासवाल्यांचे', असे एका सहकाऱ्याने मला सुनावले. मला ते मान्य नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आपण वर्गात शिकवतो. तो 1857 च्या धामधुमीत सापडलेल्या एका भिक्षुकाने लिहिलेला आहे, सेनापतीने नव्हे. लष्करी अधिकाऱ्यांनी मराठीत मोलाचे लेखन केले आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे 'डोमेल ते कारगिल' हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या शेजारी वर्कशॉपमधून दिसलेले युद्ध ठेवायचे असेल तर ते ऐकूनच लिहून घ्यावे लागेल. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आता संशोधन प्रकल्प करावा लागतो. त्यासाठी त्याच त्या कादंबऱ्यांतील 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' शोधण्यापेक्षा, आपल्या गावातल्या एखाद्या फौजी मिस्त्रीपुढे ध्वनिमुद्रक ठेवून चार दुपारी बसावे. सीमेवरच्या आठवणी सांगायला सुरुवातीलाच लावू नये. हातात एखादा कार्ब्युरेटर द्यावा आणि तो खोलताना ते काय म्हणतात ते घ्यावे. आटे गेले, गाडी आचके देते, इंजिन धूर टाकते, तेल पिते, गिअर अडकतो: या क्रियापदांपैकी किती आपल्या कोशांत या अर्थाने सापडतात, हे विद्यार्थ्यांनी ताडून पाहावे. वर्कशॉपातून आलेली फौजी हिंदी आणि गावची बोली या माणसांच्या तोंडी कशी मिसळली, हेही पाहावे. मेजरांच्या वह्यांत 'गाडी ओके' आणि 'गाडी बरी झाली' अशा दोन्ही नोंदी आहेत. 'ओके' बहुधा सरकारी गाड्यांपुढे येते, 'बरी झाली' शेतकऱ्यांच्या.