फोनवरचं बोलणं कुणाचं?

‘तिचं बोलणं रेकॉर्ड कर आणि टाक ग्रुपवर!’ असं कुणी म्हणालं तर? आधी ही खरी गोष्ट ऐका.

१९६४ साली मुंबईत संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, कोरोनर मलकानींनी, एका डॉक्टरकडे लाच मागितली. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्यांच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. बोलणं टेप झालं! ‘हा पुरावा धरू नका,’ असं मलकानींचं म्हणणं. पण १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला, कारण बोलणाऱ्या डॉक्टरांची संमती होती.

पण ती टेप कोर्टात गेली, गावभर वाजली नाही.

आमच्या लासलगावला कांद्याचा भाव सगळ्यांसमोर पुकारतात. मैत्रिणीनं फोनवर सांगितलेलं घरचं दुःख मात्र पुकारायचं नसतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शिवाय बदनामी हा गुन्हाच.

फोनवर कुणी धमकावलं तर? रेकॉर्डिंग जपून ठेवा. आई-बाबांना, बाईंना, पोलिसांना ऐकवा, नाहीतर १०९८ फिरवा. ग्रुपवर मात्र नाही, बरं का!